हद्दीच्या दोन बाजू: रस्त्याकडेचा कचरा मोजताना ठेवलेल्या नोंदी

रस्ता एकच, मध्ये दोन प्रशासनांची हद्द. हद्दीचा दगड ओलांडला की फरक लगेच डोळ्यांत भरतो. अलीकडची साइडपट्टी बऱ्यापैकी स्वच्छ, पलीकडे मात्र झुडपाझुडपात पाकिटं अडकलेली. याचं कारण विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: "तिकडची माणसंच तशी." आम्ही चौघं आहोत आणि आमच्यातला एक तिकडचाच. हे वाक्य तो लहानपणापासून ऐकत आला आहे. ते खरं आहे का हे एकदा मोजून बघावं, म्हणून हे काम हाती घेतलं. स्वच्छ बाजूला अ म्हटलं आहे, दुसरीला ब. कुणाला आपल्याकडे असंच करायचं असेल तर आमच्या चुका तरी वाचाव्यात, म्हणून नोंदी जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

४ जानेवारी

दोन्ही बाजूंना १०० मीटरचे पाच-पाच तुकडे आखले. समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा मोजणारे ऑस्पार करारातले (ईशान्य अटलांटिक समुद्राच्या संरक्षणासाठी केलेल्या करारातले) देश १०० मीटरचाच पट्टा धरतात, ती लांबी उचलली. रुंदी डांबराच्या कडेपासून ३ मीटर. हद्दीच्या दगडाजवळचे २०० मीटर दोन्हीकडून सोडून दिले, कारण वारा हद्द पाळत नाही.

दिवस वाया गेला. पडताळणीसाठी ब-२ हा तुकडा दोघांनी वेगवेगळा मोजला. एकाचे १४३ नग आले, दुसऱ्याचे २३१. पुन्हा मोजला तरी तेच. एकाने फाटक्या पिशवीचे तुकडे एकच नग धरले होते, दुसऱ्याने प्रत्येक तुकडा वेगळा. एकाने सिगारेटची थोटकं मोजली, दुसऱ्याला ती कचरा वाटलीच नाहीत. चौघांचे पाच-पाच तास गेले आणि हाती एकही विश्वासाचा आकडा नाही.

११ जानेवारी

आठवडाभरात नियम ठरवले आणि प्रत्येकाच्या फळीवर चिकटवले.

सगळ्यात लांब बाजू २.५ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर मोजायचं नाही. किनाऱ्यांच्या मोजणीतही हीच खालची मर्यादा सुचवलेली असते, म्हणजे बाटल्यांची झाकणं आणि थोटकं सुटत नाहीत. थोटूक दिसलं की मोजायचं, कारण त्याचा फिल्टर कापसाचा नसून सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकचाच असतो. एकाच वस्तूचे तुकडे शेजारी-शेजारी पडले असतील तर एक नग. कुठून आले ते कळत नसेल तर 'तुकडे' या वेगळ्या रकान्यात. काच मोजायची नाही, फक्त वजन करायचं.

पहिल्या तक्त्यात ३४ प्रकार होते. वाकून मोजणाऱ्या माणसाला तेवढे लक्षात राहत नाहीत. ते ९ वर आणले.

या वेळी दोघांच्या मोजणीत ब-२ मध्ये फक्त ७ नगांचा फरक पडला. एकूण आकडे: अ बाजूच्या पाच तुकड्यांत १८७ नग, ब बाजूच्या पाच तुकड्यांत १,२९६. म्हणजे जवळजवळ सातपट. ब बाजूचा मित्र तक्ता हातात घेऊन काही वेळ उभा राहिला, काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही.

१८ जानेवारी

दोन्हीकडचं सगळं उचलून पाटी कोरी करायची आणि मग नवं किती पडतं ते बघायचं, असं ठरलं. अ बाजू दोन तासांत संपली. ब बाजूचे अडीच तुकडे करेपर्यंत अंधार पडत आला.

आज तीन गोष्टी बिघडल्या.

काळ्या पातळ पिशव्या काटक्यांनी आणि काचेनं फाटल्या. भरलेली पिशवी उचलली की तळ खाली राहायचा. पुढच्या वेळी विणलेल्या गोण्या, आणि त्याही तीन-चतुर्थांशच भरायच्या.

हातमोजे पातळ रबराचे होते. गवतातली काच एकाच्या तळहातात शिरली. धुणं, पट्टी, धनुर्वाताचं इंजेक्शन यात तीन तास गेले. त्यापेक्षा, आपण ज्याला बोलावून आणलं त्याला इजा झाली, हे जास्त लागलं. आता जाड, तळव्याला लेप असलेले मोजे आणि लांब दांड्याचा चिमटा सक्तीचा. गवतात हात घालायचा नाही, आधी चिमट्यानं गवत बाजूला करायचं. सुई दिसली तर चिमट्यानंच उचलून जाड प्लॅस्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या डब्यात. तो डबा वेगळा ठेवायचा, गोणीत टाकायचा नाही.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. भरलेल्या १४ पिशव्या नीट बांधून रस्त्याकडेला ठेवल्या. सोमवारी सकाळी त्यातल्या निम्म्या जनावरांनी फाडलेल्या, कचरा पुन्हा रस्त्यावर.

२५ जानेवारी

मधला अख्खा आठवडा पिशव्या कोण नेणार हे शोधण्यात गेला. एका कार्यालयानं सांगितलं, रस्ता आमचा आहे, कडेचा कचरा नाही. दुसऱ्यानं सांगितलं, कचरा आमचा, पण गावठाणातला, रस्त्याचा नाही. दोघंही सौजन्यानं बोलले, कागदही दाखवले. कागदावर तो तीन मीटरचा पट्टा खरोखरच कुणाचा नव्हता.

हे फक्त इथलंच नाही, हे नंतर वाचनात कळलं. इंग्लंडमध्ये १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानं रस्त्यावरचा कचरा उचलण्याची जबाबदारी वाटून दिली आहे. मोटरवेवरचा कचरा राष्ट्रीय महामार्ग संस्थेकडे, पण इतर बहुतेक रस्त्यांवरचा स्थानिक कौन्सिलकडे, मग काही मोठ्या रस्त्यांची डागडुजी महामार्ग संस्था करत असली तरी. डांबर एकाचं आणि कचरा दुसऱ्याचा, ही फाळणी तिथेही आहे. निदान कायद्यात लिहिलेली तरी आहे.

शेवटी ब बाजूच्या एका पर्यवेक्षकानं रविवारी दुपारी चार वाजता गाडी पाठवायचं कबूल केलं, पण गोण्या एकाच ठिकाणी असल्या तर. गाडीची वेळ ठरल्याशिवाय पहिला नग उचलू नका. आमचा अख्खा आठवडा आणि एक संपूर्ण साफसफाई यात गेली.

ब बाजू आज पूर्ण झाली. वजन: अ ६ किलो, ब ८३ किलो. पण ब मध्ये एक टायर आणि पाणी प्यायलेली एक गादी होती, दोन्ही मिळून ५० किलोच्या वर. एका गादीनं वजनाचा आकडा फिरतो आणि शंभर थोटकांनी काटा हलत नाही. म्हणून यापुढे तुलना नगांवर, वजन फक्त गाडीवाल्याला सांगण्यापुरतं.

१ फेब्रुवारी

आठवड्यात नवं पडलेलं: अ ३८, ब १७१.

सातपटीचा फरक साडेचारपटीवर आला, पण उरला होताच. मी वहीत "म्हणजे वागण्यातच फरक आहे" असं लिहिलंही. ते वाक्य आता खोडलं आहे, पण वाचता येईल असं खोडलं आहे.

परतताना उशीर झाला म्हणून तिघं अ बाजूलाच मुक्कामाला थांबलो. पहाटे पाचच्या सुमारास झाडूचा आवाज आला. दोघी जणी साइडपट्टी झाडत येत होत्या.

"ताई, इथं आठवड्यातून किती वेळा झाडता?"

"आठवड्यातून? रोज. उजाडायच्या आत संपवायचं."

"आणि दगडाच्या पलीकडे?"

"तिकडं कुणाला लावलंच नाही. आमची हद्द दगडापर्यंत."

आम्ही महिनाभर लोकांची सवय नव्हे, झाडू मोजत होतो. अ बाजूचे ३८ नग म्हणजे झाडूतून सुटलेले, गवतात गेलेले नग. त्या दोघींनी रोज उचललेलं आमच्या तक्त्यात कुठेच नव्हतं. त्यांची मेहनत आम्ही अ बाजूच्या लोकांच्या नावावर जमा केली होती आणि तिची उणीव ब बाजूच्या लोकांच्या.

हे ज्यांना करायचं आहे त्यांनी इथे थांबून विचार करावा. साचलेला कचरा आणि रोज पडणारा कचरा या दोन वेगळ्या राशी आहेत. गावं, जिल्हे, देश यांची तुलना आपण साचलेल्यावरून करतो आणि निष्कर्ष मात्र टाकणाऱ्यांबद्दल काढतो. सिंगापूरचं उदाहरण सगळे दंडासाठी देतात. १९६८ ची स्वच्छता मोहीम आणि दंड खरेच आहेत, पण तिथे ५० हजारांहून जास्त नोंदणीकृत सफाई कामगार आहेत, ते सांगायचं राहून जातं.

८ फेब्रुवारी

नवी पद्धत. अ बाजूला पहाटे झाडून झालं की आम्ही उरलेलं वेचून तुकडे कोरे करायचे. ब बाजूला त्याच वेळी आम्हीच सगळं उचलायचं. संध्याकाळी सहाला दोन्हीकडे मोजायचं. सलग पाच दिवस. दोघांनी रजा टाकल्या.

पाच दिवस, पाच तुकडे, रोज सुमारे बारा तास. अ ७२ नग, ब ९०.

सातपटीवरून सव्वापटीवर. थोटकं तर दोन्हीकडे जवळजवळ सारखी, २१ आणि २३. वाहनंही तीच, इकडून तिकडे जाणारी. ज्या हातानं अ मध्ये खिडकीतून पाकीट टाकलं, तोच हात चार मिनिटांनी ब मध्ये होता.

ब बाजूच्या मित्रानं आकडे दोनदा तपासले. "हे घरी वडिलांना दाखवतो," म्हणाला.

पाच दिवस कमीच आहेत, हे मान्य. पण दिशा पाचही दिवस एकच होती.

आणखी एक. रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दोन्हीकडे फार थोड्या. दिवसा पडलेल्या दिसतात, संध्याकाळी नसतात, कारण भंगार वेचणारे त्या नेतात. मागे राहतात ती पाकिटं आणि पाऊच. अनेक थरांचं ते पातळ पॅकिंग कुणी विकत घेत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं १९७१ मध्ये बाटल्या आणि कॅनवर अनामत ठेवण्याचा कायदा केला. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर २५ सेंटची अनामत आहे. कचऱ्याला किंमत आली की तो रस्त्यावर टिकत नाही. आमच्या साइडपट्टीनंही तेच दाखवलं.

१५ फेब्रुवारी

ब-४ मध्ये १४२ तुकडे. तीन दिवसांपूर्वी तिथे ९ नग होते.

गवत कापायचं यंत्र फिरून गेलं होतं. दोन बाटल्या, एक थर्माकोलचा डबा आणि काही पाऊच यांचा भुगा. तो वेचायला एका माणसाला तीन तास लागले, आणि बराचसा मातीत गेलाच. तो आता निघणार नाही. हे बघून फार वाईट वाटलं, कारण ते नऊ नग उचलायला दोन मिनिटं लागली असती.

यंत्र चालवणाऱ्या दादांना गाठलं. त्यांना किलोमीटर मोजून काम दिलेलं असतं, उतरून कचरा उचलायला ना वेळ, ना माणूस. त्यांची चूक नाही. त्यांनी पुढच्या फेरीची तारीख दिली, आम्ही आदल्या संध्याकाळी तुकडा वेचून ठेवतो. एवढ्यानं प्रश्न मिटला. ११ जानेवारीच्या १,२९६ पैकी 'तुकडे' या रकान्यात चारशेच्या वर होते. ब बाजू आधी उचलली जात नव्हती आणि वर्षानुवर्षं कापली मात्र जात होती, त्यामुळे एक टाकलेला नग मोजणीत वीस व्हायचा. अ बाजूला आधी झाडतात, मग कापतात.

या आठवड्याची ब-४ ची मोजणी रद्द.

२२ फेब्रुवारी

ब-१ मध्ये दर वेळी बाकीच्यांपेक्षा जास्त सापडतं आणि तेही वेगळंच: भाजीच्या देठांना चिकटलेल्या पिशव्या, वापरलेले स्पंज, मुलांच्या वहीची पानं. हा घरातला कचरा आहे, गाडीतून टाकलेला नाही. दोन सकाळी तिथे उभं राहून पाहिलं. तुकड्याच्या सुरुवातीलाच गतिरोधक आहे. कचरा वाहून नेणारी उघडी गाडी त्यावरून उडाली की वरचा थर खाली येतो. दुसऱ्या सकाळी आमच्या डोळ्यांदेखत ११ नग पडले. ते कुणीच टाकले नव्हते. उलट कुणीतरी आपल्या घरी नीट डब्यात भरून दिले होते.

सव्वापटीतला जो फरक उरला होता, त्यातला बराचसा हा असावा. ब-१ वगळून ८ फेब्रुवारीच्या आठवड्याचे आकडे पुन्हा लावले तर उरलेल्या चार तुकड्यांत ब ६३ आणि अ ५९. ब-१ का वगळला याचं कारण आम्ही प्रत्यक्ष पाहिलं आहे, नाहीतर गैरसोयीचा तुकडा वगळणं म्हणजे लबाडी झाली असती. मूळ आकडेही वर ठेवले आहेत.

पर्यवेक्षकांना फोटो दाखवले. त्यांनी गाडीला जाळी लावायचं आश्वासन दिलं.

१ मार्च

आमचा स्वतःचा मोठा पराभव. ब-३ मध्ये साइडपट्टी रुंद आहे, गाड्या विसाव्याला थांबतात. दोन आठवड्यांपूर्वी तिथे एक ड्रम ठेवला. सगळ्यांना कल्पना आवडली, मलाही. ड्रम रिकामा होणार होता फक्त रविवारी, आमच्या गाडीबरोबर.

गुरुवारपर्यंत तो काठोकाठ. शुक्रवारपासून लोक त्याच्या बुडाशी ठेवू लागले. बऱ्याच पिशव्या नीट गाठ मारून ठेवलेल्या. म्हणजे टाकणाऱ्याला वाटलं, आपण योग्य जागी टाकतोय. मग जनावरं, मग वारा. ब-३ चा आठवड्याचा आकडा ड्रमाआधी ३६ होता, पहिल्या आठवड्यात ५८, या आठवड्यात ९७.

रास दिसली की तिच्यात भर घालायला संकोच राहत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गल्लीत उभ्या सायकलींच्या हँडलला पत्रकं अडकवून ठेवली होती. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी पत्रक तिथेच टाकलं, भिंत रंगवून खराब केली तेव्हा ६९ टक्क्यांनी. गल्ली तीच, शहर तेच. आमच्या ड्रमानं ब-३ ला ती खराब भिंत करून ठेवली.

ड्रम काढला. मुळात प्रश्न डब्यांच्या संख्येचा नव्हता. टोकियोत १९९५ च्या सरीन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर सार्वजनिक कचरापेट्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या, आणि लोक कचरा घरी घेऊन जातात. इंदूरनं चौकातल्या कचराकुंड्या हटवल्या, पण त्याबरोबर घरोघरी गाडी रोज जाऊ लागली. डबा ठेवायचाच असेल तर तो भरायच्या आधी कोण रिकामा करणार त्याचं नाव आधी लिहा. नाव नसेल तर ठेवू नका.

८ मार्च

ब बाजूचे आठवड्याचे आकडे: १७१ (१ फेब्रुवारी), १५८ (२२ फेब्रुवारी), १९३ (१ मार्च, ड्रमासकट), १२९ (आज). ८ तारखेचा आठवडा रोज उचलल्यामुळे यात धरता येत नाही, १५ चा ब-४ रद्द झाल्यानं अपुरा. गाडीला जाळी बुधवारी लागली. आजचा उतार जाळीचा, ड्रम काढल्याचा की आम्ही दर आठवड्याला उचलत राहिल्याचा, हे या आकड्यांवरून सांगता येणार नाही. तिन्ही एकाच वेळी बदलले, ही मोजणीच्या दृष्टीनं चूकच. पण जाळी लागत असताना "थांबा, आधी आमचा तक्ता पूर्ण होऊ द्या" असं म्हणायचं आम्हाला पटलं नाही.

खर्ची पडलेला वेळ: चौघांचे मिळून सुमारे २६० तास. त्यातले जवळजवळ ९० आमच्या चुकांनी गेले. पहिली मोजणी, फाटलेल्या पिशव्या, वाहनाची सोय नसताना केलेली साफसफाई, ड्रम. सामान: ४ चिमटे (त्यातला एक मोडला, स्प्रिंग प्लॅस्टिकची होती), ६ जोड मोजे, ४० गोण्या, चमकपट्टीची ४ जाकिटं, सुयांचा एक डबा. जाकिटाशिवाय आणि येणाऱ्या वाहनांकडे पाठ करून कुणी एक मिनिटही काम करू नये.

अ बाजूच्या त्या दोघी ताईंना आज तक्ता दाखवला. ७२ नगांचा. त्यातल्या मोठ्या ताईंनी विचारलं, "हे एका आठवड्याचं?" फक्त पाच दिवसांचं, तेही दिवसाचं, आणि या एवढ्याशा पट्ट्याचं, म्हटल्यावर त्यांनी शेजारणीकडे बघितलं. "रात्रीचं वेगळं," त्या म्हणाल्या, "ते आम्हाला माहीत."

रात्रीचं आम्ही मोजलंच नव्हतं.

१५ मार्च

ब बाजूला आठवड्यातून दोनदा झाडण्यासाठी दोन माणसं द्यावीत, असा अर्ज दिला. सोबत तक्ता, ब-४ च्या भुग्याचा फोटो आणि तीन मीटरच्या पट्ट्याचा नकाशा. अर्ज दोन्ही कार्यालयांना, एकाच मजकुराचा, एकाच दिवशी. पोच मिळाली आहे.

पुढच्या शुक्रवारी रात्रीची मोजणी. संध्याकाळी सहाला तुकडे कोरे करून पहाटे साडेचारला, झाडू यायच्या आत मोजायचं. ताईंना सांगून ठेवलं आहे, त्या अ-५ पासून सुरुवात करतील म्हणजे आम्हाला अर्धा तास मिळेल. ब-४ ची मोरी पाकिटांनी तुंबली आहे, ती पाऊस यायच्या आधी उपसायची. तिला दोन माणसं, दोन फावडी आणि किमान दहा गोण्या लागतील. गाडी चारला ठरली आहे, पर्यवेक्षकांचा होकार लेखी घेतला आहे.